टोचल्याचा दिवस धरून दहा

मला दहापर्यंत मोजता येत नाही, हे मला वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी कळलं. तोपर्यंत मी एमबीबीएस झालो होतो, परभणीत तीस वर्षं दवाखाना चालवला होता आणि कुणालाही शंका आलेली नव्हती.

दवाखान्याबाहेर मी एक बोर्ड लावला आहे : ‘परदेशी जाणाऱ्यांसाठी सल्ला व लसीकरण’. बोर्ड लागला त्या दिवशी माझा कंपाउंडर गंगाधर म्हणाला, “साहेब, परभणीतून परदेशात जायलाय कोण?” पण लोक यायला लागले. कुणी उमराहला निघालेलं, कुणी अमेरिकेतल्या लेकाकडे. आफ्रिकेतल्या साखर कारखान्यांवर तर आपल्याकडचे फिटर आणि केमिस्ट बरेच असतात. मी त्यांना टायफॉइडची, काविळीची लस देतो, मलेरियाच्या गोळ्या लिहून देतो, तिकडं पाणी उकळून प्या म्हणून दटावतो (इकडं ते कुठलंही पितात, तो भाग वेगळा). आणि प्रत्येकाला बजावतो की निघायच्या निदान महिनाभर आधी या, ऐनवेळी येऊ नका.

माझा जावई प्रवीण युगांडात अशाच एका कारखान्यावर केमिस्ट आहे. मुलगी मुक्ता तिथंच, आणि तिचे दिवस भरत आले होते. विहीणबाई गुडघ्यांमुळं घरातल्या घरातसुद्धा भिंत धरून चालतात, तेव्हा बाळंतपणाला जायचं ते माझ्या बायकोनं, सुमननं. मुक्ता रोज फोनवर एकच विचारायची, “आई, तू नक्की येणार ना?” सुमननं डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, मऊ धडपे असं सगळं महिनाभर आधी जमवलं. तिच्या लशीचं मात्र माझ्याकडं होतं. त्यामुळं ते राहिलं.

युगांडात जायला यलो फीवरची लस लागते. ती आमच्यासारख्यांना देता येत नाही, सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. दाखल्याचं पिवळं कार्ड मिळतं आणि ते दहा दिवसांनी लागू होतं. त्याआधी विमानात बसू देत नाहीत. विमान होतं तेरा तारखेच्या पहाटेचं. मी मुंबईच्या केंद्रात नंबर लावला तेव्हा चार तारीख मिळाली.

“पुरतील का हो दिवस?” सुमननं विचारलं.

मी बोटांवर मोजलं. चार, पाच, सहा... तेराला बरोबर दहावं बोट. “पुरतात,” मी म्हणालो.

लस टोचून झाल्यावर खिडकीतल्या बाईंनी कार्ड पुढं केलं. “काका, आतली तारीख वाचून घ्या.”

“मी स्वतः डॉक्टर आहे,” मी म्हणालो. “लोकांना मीच सांगतो हे.”

“बरं,” बाई म्हणाल्या. सुमन कार्ड बघायला पुढं झाली, तर ते मी तिच्या हातून काढून घेतलं (घामाचा हात लागेल म्हणून), मोबाइलवर फोटो काढला आणि कार्ड प्लास्टिकच्या पाकिटात घालून तिच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात चेन लावून ठेवलं. इतकं जपून ठेवलं की कुणी वाचण्याचा प्रश्नच उरला नाही.

बारा तारखेला सकाळच्या गाडीनं सुमनला बसवून दिलं. कल्याणला तिचा भाऊ राहतो, त्याच्याकडून पहाटे विमानतळ. मी दवाखान्यात येऊन बसलो तर पहिलेच पेशंट झरीचे माणिकराव. त्यांचा मुलगाही आफ्रिकेतच बॉयलरवर आहे, आणि ते पहिल्यांदाच त्याच्याकडं निघाले होते. पिवळं कार्ड काढून आणलेलं. आता मलेरियाच्या गोळ्या हव्या होत्या.

“लस कधी घेतली?”

“परवा. धा तारखेला.”

“आणि विमान?”

“एकोणीसचं व्हतं. पर तिथली बाई मनली, ईसच्या आत न्हाई जमायचं. मंग पोरानं तिकीट म्होरं ढकललं.”

मला त्यांची कीव आली. “उगीच बदललं हो. मोजा बरं, दहा, अकरा, बारा...”

माणिकरावांनी मोजलं. “एकोणीसला धा व्हत्यात, खरं हाय. मीबी आधी तसंच मोजलं व्हतं, बारशावानी. लेकरू झाल्याचा दिस धरून. तर बाई मनली, बाबा, हितं टोचल्याचा दिस धरायचा नसतोय. कार्डावर तसंच लिवलंय, बघा की.”

मी कार्ड बघितलं. वीस तारीख लिहिली होती. मग मी माझा मोबाइल काढला, सुमनच्या कार्डाचा फोटो मोठा केला. तिथं स्वच्छ अक्षरात चौदा लिहिलं होतं.

विमान तेराचं. सुमनला फोन लावला, तर ती संपर्कक्षेत्राच्या बाहेर. परत लावला, परत बाहेर. माणिकरावांच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधून मी फोन कानाला लावून उभा, आणि पट्टा सोडायचं विसरलो. “साहेब, हात बधिर व्हायलाय,” ते म्हणाले. गंगाधरनं पट्टा सोडवला, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, “तुमचाच बीपी बघू का?”

मनमाडच्या पुढं कुठंतरी फोन लागला. माझा आवाज ऐकूनच सुमन घाबरली. “काय झालं? मुक्ताला काय झालं?”

“मुक्ताला काही नाही. तुला उद्या जाता यायचं नाही.”

मी सगळं सांगितलं.

“मग तुमी मोजलं कसं?” तिनं विचारलं.

“बारशासारखं.”

“बारशासारखं न्हाई. दहाव्यासारखं मोजलं तुमी. पोरीच्या बाळंतपणाला निघाले मी, आणि तुमी सुतकाचे दिवस मोजत बसलात.” मग तिचा आवाज बदलला. “अहो, ती आज बाळंत झाली तर? एकटी हाय ती तिकडं.”

तीस वर्षं मी लोकांना ‘काही होत नाही’ म्हणत आलो, पण ते तीन शब्द त्या दिवशी तोंडातून निघेनात.

तिकिटाच्या एजंटाकडं स्वतः जाऊन बसलो. त्यानं बराच वेळ कीबोर्ड बडवून चौदाच्या पहाटेची एक जागा काढली. “साहेब, आमच्या गिऱ्हाइकांना तर तुमीच तारखा समजावून सांगता ना?” त्यानं विचारलं. मी पावती द्या म्हणालो.

आणि तेराला सकाळी प्रवीणचा फोन. “बाबा, मुक्ताचं पोट दुखायलंय. डॉक्टरांनी दवाखान्यात आणायला सांगितलंय.” सुमन तेव्हा कल्याणला भावाच्या सोफ्यावर बसलेली, माझ्यामुळं. त्या दिवशी मी अक्षरशः देव पाण्यात घातले. एका खोकल्याच्या पेशंटला ‘कळा किती मिनिटांनी येतात?’ असं विचारलं (पेशंट पुरुष होता, बिचारा विचार करून ‘न्हाई येत’ म्हणाला). गंगाधरनं बाहेर सांगून टाकलं की साहेबांची तब्येत बरी नाही, उद्या या. संध्याकाळी कळलं की कळा खोट्या होत्या, मुक्ता घरी परतली. मी खुर्चीतच बसून राहिलो.

चौदाला पहाटे विमानतळावरच्या मुलीनं कार्ड उघडलं, तारखेवर बोट ठेवलं, आणि म्हणाली, “आजपासूनच लागू आहे, काकू. नशीब तुमचं.” सुमननं हे मला फोनवर जसंच्या तसं ऐकवलं. लाडवांचा एक डबा भाच्यांनी कल्याणलाच संपवला होता, तेही माझ्याच खात्यावर जमा झालं.

पंधराला दुपारी मुक्ताला मुलगी झाली. सुमन तिच्या उशाशी होती. फोनवर नातीचं रडणं ऐकलं आणि मी पेशंटसमोर धाय मोकलून रडलो. पोचली एकदाची माझी बायको, हेच डोक्यात होतं.

दोन दिवसांनी प्रवीणनं विचारलं, “बाबा, बारसं कोणत्या तारखेला धरायचं? हॉल बघावा लागेल. आई पोरीला न्हाऊ घालायल्यात, मी म्हटलं तुम्हालाच विचारावं.”

यावेळी मी घाई केली नाही. कागद घेतला, पेन घेतलं. झाल्याचा दिवस धरायचा नाही, हा धडा आयुष्यभरासाठी मिळालेला. सोळा एक, सतरा दोन... बारा दिवस पुरते सत्तावीसला. दोनदा तपासलं. “सत्तावीस,” मी ठणकावून सांगितलं. प्रवीणनं हॉल घेतला, कारखान्यावरच्या साठ माणसांना आमंत्रणं गेली. इकडं मी पेढे सांगितले, माणिकरावांनाही फोन केला.

सव्वीसला सकाळी सुमनचा फोन आला. आवाज अगदी शांत होता, मला तो फार ओळखीचा आहे.

“आज बारावा दिवस हाय,” ती म्हणाली. “आमंत्रण मी आत्ता वाचलं, इथं सगळी तयारी उद्याची. नातीचं बारसं तुमी तेराव्याला ठेवलंय.”

“मी... मी कार्डासारखं मोजलं.”

ती म्हणाली, “गंगाधरला फोन द्या.”

त्या दिवशी दुपारी सुमननं तिथल्या घरातच चार बायका बोलावून पाळणा हलवला, आणि सत्तावीसला साठ माणसं नुसती जेवून गेली. सुमनचं त्याच्याशी फोनवर काय बोलणं झालं ते गंगाधर मला सांगत नाही. पण दवाखान्यात तेव्हापासून एक नियम आहे. परदेशी जाणारं माणूस आलं की मी तपासतो, टोचतो, पाणी उकळून प्या म्हणतो, आणि तारीख विचारली की बाहेर बोट दाखवतो. तिथं गंगाधर कॅलेंडर घेऊन बसलेला असतो. तो सातवी पास आहे.