काळ्या प्लास्टिकवरचं कुंकू

दाणेदार काळं प्लास्टिक साफ करणं किती जिकिरीचं असतं ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. फडकं मारलं की वरची धूळ जाते आणि उरलेली दाण्यांच्या खाचांत आणखी घट्ट बसते. त्यावर खोबरेल तेल चोळून चकाकी आणणारे महाभाग मी पाहिलेत. तासाभराने त्याच तेलावर रस्त्याची सगळी माती चिकटते. मी नगरजवळ केडगावला पुणे रस्त्यावर ट्रक धुण्यापासून सुरुवात केली आणि पुढे जुन्या गाड्या घेऊन, नीट करून विकू लागलो. माझ्या पाठीशी ना बाप होता, ना जमीन. तेव्हा गाडी कशी साफ करायची हे मला कुणी शिकवू नये.

सत्तर-एकाहत्तरच्या सुमारास माझ्याकडे एक विलायती गाडी होती. इकडच्या गाड्यांना तेव्हा पत्र्याचा डॅशबोर्ड असायचा. हिला मात्र पुढे सगळं काळं, दाणेदार प्लास्टिक होतं. त्या प्लास्टिकवर मी दोन दिवस घालवले होते. रिठ्याचं पाणी, दाढीचा जुना ब्रश आणि धोतराची फाटकी पानं, एवढ्यावर ते नव्यासारखं केलं. माझं सगळं भांडवल त्या एका गाडीत होतं. ती मनासारखी गेली तर रस्त्याला लागून एक गाळा घेणार होतो. उघड्यावर धंदा करून मी कंटाळलो होतो.

राहात्याकडचा एक बागाईतदार गाडी बघायला आला. सोबत त्याची आई होती, कपाळभर कुंकू लावलेली, बोलायला गोड. गाडी त्याला पसंत पडली हे मी त्याच्या डोळ्यांतच पाहिलं. भाव मी सांगितला, पण तो त्यावर हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. म्हणाला, "आई, तू तुझं उरकून घे."

म्हातारीने पिशवीतून हळद-कुंकवाचा करंडा काढला. ओल्या बोटाने त्या काळ्या प्लास्टिकवर स्वस्तिक काढलं, चाकापुढे नारळ फोडला आणि पाणी शिंपडलं. आमच्याकडे गाडीला कुंकू लागलं म्हणजे ती दिली, असं धरतात. मी खूश झालो आणि बायकोला चहा टाकायला सांगितलं. भाव पक्का व्हायच्या आधी मी त्या बाईला गाडीला हात लावू दिला, ही चूक माझी. ती मी कुणावर ढकलत नाही.

चहा पिऊन त्याने तोंड पुसलं आणि माझ्या भावाच्या पाऊणपट आकडा सांगितला.

"ह्यात न्हाई बसत," मी म्हणालो.

"मग ऱ्हाऊ द्या. पण आता कुनाला इकनार? आमच्या आईचं कुंकू लागलंय तिला." आणि हसला. "पुढच्या गुरुवारी येतो. तवर इचार करा."

एवढं शांतपणे लुबाडताना मी कुणाला पाहिलं नव्हतं. मीही आयुष्यभर घासाघीस केली, पण देवाधर्माला त्यात ओढलं नाही.

दुसऱ्याच दिवशी नगरचा एक कापडवाला आला. दार उघडलं आणि स्वस्तिक बघून थबकला.

"दिलेली दिसते."

"न्हाई दिली."

"मग पूजा करून कुणी सोडली? सोडणाऱ्याला काहीतरी दिसलं असणार, शेठ." आणि टायरला हातही न लावता निघून गेला.

मी बादली घेऊन बसलो. साबण लावला तर हळद लाल झाली. लिंबू चोळलं तर कुंकू पिवळं झालं. पुन्हा साबण, पुन्हा लाल. दाण्यादाण्यात तो रंग बसला होता आणि काळ्यावर असा दिसत होता की जणू आत्ताच कुणी काढलंय. बायको उंबऱ्यात उभी राहून बघत होती.

"ये, दुसऱ्या बाजूने घास," मी म्हणालो.

"मी नाही. सवाष्णीचं कुंकू मी पुसणार नाही."

"मग काय त्याच्या घशात घालू गाडी?"

"ओरडू नका. माझ्यावर ओरडून ते निघणार आहे का? हळद लागलेलं लुगडं आम्ही घासत बसत नाही. धुतो आणि उन्हात टाकतो. खरं कुंकू हळदीचंच असतं. ऊन काय न्यायचं ते नेईल. मी पुसलं नाही, तुम्ही पुसलं नाही."

मी रिठ्याच्या पाण्याने ब्रश फिरवून वरचा थर काढला आणि गाडी उन्हाकडे तोंड करून लावली. चैत्राचं ऊन होतं. सूर्य सरकेल तशी मी गाडी ढकलून फिरवत होतो. संध्याकाळी ब्रश, सकाळी पुन्हा ऊन. पहिल्या दिवशी लाल फिकं झालं, तिसऱ्या दिवशी पिवळट उरलं. गुरुवार उजाडला तेव्हा ते प्लास्टिक काळंभोर होतं.

तो आला, आई सोबत. दार उघडलं आणि त्याचं हसू गेलं.

"कुंकू कुठाय?"

"उन्हानं गेलं."

"उन्हानं? तू पुसलंस. माझ्या आईचं कुंकू पुसलंस तू!"

"पुसलं असतं तर तोंडावर सांगितलं असतं. तुला भ्यायला मी तुझं खातो का?"

त्याने प्लास्टिकवर बोट घासलं, बोटाकडे पाहिलं. बोट कोरडं होतं. गाडीभोवती एक चक्कर मारली. मग आवाज खाली आणून म्हणाला, "बरं, तुमच्या मनासारखं. सांगितला त्यो भाव दिला."

म्हातारीने पुन्हा करंडा काढला. मी डॅशबोर्डवर तळहात ठेवला.

"आजी, ऱ्हाऊ द्या. गाडी द्यायची न्हाई."

"का रं बाबा? माझा हात इतका वाईट हाय का?"

"तुमचा हात चांगला हाय. म्हनून तर तुमचा पोरगा त्यो वापरतो."

ती पोराकडे वळली. "त्या घोडीच्या सौद्याच्या टायमाला बी तू मला असंच पुढं केलं हुतंस."

"गप, आई. चल." आणि माझ्याकडे बोट करून म्हणाला, "राहाता-शिर्डीच्या अख्ख्या भागात तुझी एक गाडी खपू देनार न्हाई."

तो शब्द त्याने पाळला. कुंकू पुसणारा माणूस म्हणून माझं नाव त्या भागात केलं. कितीतरी वर्षं तिकडचं एक गिऱ्हाईक माझ्या दारात आलं नाही. ती गाडी शेवटी नगरच्या एका डॉक्टरला कमी भावात गेली आणि गाळा दुसऱ्याने घेतला.

"पूर्ण भाव देत होता ना?" बायको अजून म्हणते. "घ्यायचा होता."

देत होता, खरं आहे. पण तो भाव त्याला पहिल्याच दिवशी देता आला असता. डाव फसल्यावर त्याने तो देऊ केला. मी हो म्हटलं असतं तर त्याने तिथेच, माझ्या हाताने साफ केलेल्या त्या काळ्या प्लास्टिकवर, आईच्या बोटाने पुन्हा स्वस्तिक काढून घेतलं असतं. आणि मी हात जोडून बघत उभा राहिलो असतो.