सुनकीच्या आईने मला उठवलं ती रात्र

ही गोष्ट मी बारा वर्षं कोणाला सांगितली नाही. बायकोलाही नाही. भीतीपोटी नव्हे... यात माझी एक लबाडी आहे, आणि ती सांगितल्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही. आता सत्तरी ओलांडली. या ग्रुपवर लोक आपापले अनुभव लिहितात, ते सून मला वाचून दाखवते. म्हटलं, आपणही एकदा खरं लिहून टाकावं.

भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात वॉर्डबॉय होतो, त्यातली निम्मी रात्रपाळीत. प्रेतं उचलली, शवागाराच्या पायरीवर बसून डबा खाल्ला. कधी काही दिसलं नाही. आजही कोणी असलं काही सांगायला लागलं की माझा पहिला प्रश्न असतो — झोप झाली होती का?

दवाखाना आमच्या नंदुरबार जिल्ह्यातलाच, प्रकाशा गावाकडून धडगावला जाताना घाट सुरू व्हायच्या अलीकडचा. नाव लिहीत नाही. बायकांचा वॉर्ड आठ खाटांचा. दाराजवळच्या खाटेवर सुनकी होती, पंचविशीची, डोंगरातली, न्युमोनियाने बेजार. ऑक्सिजन लावलेला. सोबत नवरा ओल्या आणि तिची आई.

आई दिवसभर खाटेच्या पायथ्याशी उकिडवी बसून लेकीच्या पायाचा अंगठा मुठीत धरून असायची. त्यांच्यातली रीत होती की तिची एकटीची, मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. डिसेंबरचे दिवस, माझा जोडीदार रजेवर, दुपारपासून मीच ड्यूटीवर. डोकं तापलेलं.

"ओ माय, ऊठ आठेथून. एक पेशंट, एक माणूस," मी म्हणालो.

ती उठेना. ओल्या तिच्या भाषेत काहीतरी समजावू लागला.

"अंगठा धरीसन न्युमोनिया बरा व्हस का? मंग डॉक्टरले काय काम? त्याले घर धाडी देऊत."

वॉर्डातल्या दोन-तीन बाया हसल्या. म्हातारी माझ्याकडे बघत राहिली, मग उठून बाहेर गेली. मला वाटलं, व्हरांड्यात बसली असेल.

आता माझी चूक. आमच्याकडे पद्धत अशी होती की वापरलेल्या सिलेंडरवर वॉर्डबॉयने खडूने फुली मारायची. गॅस थोडा उरलेला असला तरी मारायची. संध्याकाळी एका पेशंटला नंदुरबारला हलवलं, तिचा सिलेंडर मी काढला आणि घाईत फुली न मारता भरलेल्यांच्या रांगेत उभा केला. रात्री अकराला सुनकीचा सिलेंडर संपला, तेव्हा मी नेमका तोच ओढून लावला. गॅस किती आहे ते दाखवणारा काटाही पाहिला नाही. ऑक्सिजन ज्या पाण्यातून जातो त्या बाटलीत बुडबुडे आले, झालं. दाराबाहेरच्या बाकावर येऊन स्टुलावर पाय टाकले. सिस्टर बाळंतपणाच्या खोलीत अडकल्या होत्या. मला झोप लागली.

कोणीतरी माझ्या पायाचा अंगठा घट्ट धरला. तळहात खरखरीत, गार. डोळे उघडले तर म्हातारी. लुगड्याचा पदर डोक्यावर, चेहरा ट्यूबलाइटच्या उजेडात स्पष्ट. अंगठा सोडला आणि वॉर्डात शिरली. मी चिडून मागे गेलो, तिला पुन्हा हाकलायलाच. ती सुनकीच्या सिलेंडरपाशी उभी राहिली... आणि माझी नजर बाटलीवर गेली. बुडबुडे बंद. सुनकीचे ओठ काळेनिळे, छाती भात्यासारखी. ओल्या खाटेखाली गाढ झोपलेला.

दुसरा सिलेंडर कसा आणला, चावी कशी फिरवली, आठवत नाही. बुडबुडे आले. हळूहळू तिच्या ओठांवर रंग आला. मागे वळलो तर म्हातारी नव्हती.

आवाजाने सिस्टर धावत आल्या. "आप्पा, काय झालं? बंद कसा पडला?"

आणि माझ्या तोंडून निघालं, "ती म्हातारी आत शिरली होती. चावी तिनंच फिरवली."

सिस्टरनी रजिस्टरला तसंच लिहिलं. सकाळी डॉक्टरांनी ओल्याला सगळ्यांदेखत झापलं, सासूला वॉर्डात पाय ठेवू द्यायचा नाही म्हणून बजावलं. मला म्हणाले, "आप्पा, तुम्ही जागे होता म्हणून वाचली." ओल्या खाली मान घालून उभा. नंतर नळाजवळ मला गाठून हळूच म्हणाला, "आप्पा, मन्ही सासू त काल पाचनी जीपवर घर गयी. तुम्हीच सांगेल व्हतं ना, एकच माणूस."

मी जीपवाल्याला विचारलं, तो माझ्या ओळखीचा.

"ती डोकरी? धडगावले उतारी दिन्ही तिले. तठेथून पायी गयी वर."

"रातले परत उनी व्हई?"

"कशावर ई? जीप मन्ही रातभर तठेच उभी व्हती. आप्पा, ड्यूटीवर दारू पेल व्हता का?"

मी त्याला हसून टाळलं. डॉक्टरांकडे मात्र गेलो नाही. ती नव्हतीच असं सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता — मग सिलेंडर बंद कशाने पडला?

सुनकी सुधारली. घरी सोडलं त्या दिवशी मीच तिला व्हीलचेअरवरून फाटकापर्यंत नेलं. आई फाटकाबाहेर बसली होती. आत येऊ नको म्हटलेलं, म्हणून आली नव्हती. तिने माझे दोन्ही हात धरून कपाळाला लावले आणि काही बोलली. ओल्याने सांगितलं, "म्हणस, तुम्ही रातले जागेल व्हता म्हणून पोर जित्ती शे."

तळहात तोच होता, खरखरीत.

झोपेत भास झाला असेल का? बुडबुडे थांबल्याचं कानाने टिपलं असेल का? असेलही. बारा वर्षं उलटसुलट विचार केला. पण एक पक्कं ठाऊक आहे. त्या रात्री माझ्या हातून माणूस गेला असता आणि गेला नाही. नंतर मी शांत झोपलो, नातवंडं खेळवली, निवृत्तीचा नारळ ताठ मानेने घेतला. हे सगळं कोणाच्या उपकाराने, ते रोज सकाळी आठवतं, हात आपोआप जोडले जातात.

दोन वर्षांपूर्वी गेलो मी धडगावला. तिथून दुसरी जीप, मग चढण. सुनकी आता दोन लेकरांची आई, अंगाने भरलेली. तिने ज्वारीची भाकर आणि उडदाची डाळ वाढली. आई त्याच्या आदल्या होळीनंतर वारली म्हणाली. "आप्पा, काय काम होतं आईकडे?"

मी म्हणालो, "काही नाही. इकडे आलो होतो, म्हटलं भेटून जावं."

सांगायचं होतं ते एवढंच — माय, चावीले तुन्हा हात लागना नव्हता. चूक मन्ही व्हती. माले माफ कर.