पावलावरचा ठोका

सासूबाईंच्या उजव्या पायात रक्त उतरत नाही, हे आमच्या घरात माझ्याशिवाय कोणाला पटलं नव्हतं.

भंडाऱ्याच्या डॉक्टरणीने मला ते बोटांनी दाखवलं होतं. तिने माझीच दोन बोटं माझ्या पावलाच्या वरच्या बाजूला ठेवायला लावली. ठोका लागला. मग सासूबाईंच्या डाव्या पावलावर ठेवली. तिथे बारीक का होईना, लागला. उजव्या पावलावर मात्र पाटावर बोट ठेवावं तसं, काहीच नाही. ती म्हणाली, रक्ताची नळी विडीने बुजली आहे. नागपूरला नेऊन मोकळी करून घ्या, विडी आजच बंद करा, आणि पायावर जखम दिसली किंवा बोट काळं पडलं तर एक दिवसही थांबू नका. हे ती माझ्याकडे बघून बोलली. पाय कोण धुतं असं तिने विचारलं तेव्हा सासूबाईंनी माझ्याकडे हनुवटी केली होती.

सासूबाईंनी जन्मभर विड्या वळल्या. वळताना पान फाटलं की ती विडी कोणी घेत नसे, मग ती त्या स्वतः ओढायच्या. आमच्या करडी गावात घरापासून बोअरिंगपर्यंत चालल्या की पोटरी आवळून यायची आणि त्या थांबायच्या. दुखतं हे लोकांना कळू नये म्हणून समोर जे घर असेल त्या घरच्या बाईला काहीतरी टोमणा मारायच्या. तेवढ्यात कळ उतरायची, मग पुढे निघायच्या. गावाला वाटायचं, म्हातारीला भांडायची हौस आहे.

मी त्या टोमण्यांत एकवीस वर्षं काढली. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही. "मायनं तोंड शिवून धाडलं हिले," असं त्या पाहुण्यांना सांगायच्या. माझी पहिली मुलगी पाच दिवसांची होऊन गेली. मी बायकांसमोर रडले नाही. तेव्हा त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "वासरू मेलं तं गायबी हंबरते. हे पाहा कशी बसली हाये."

नागपूरच्या ऑपरेशनचं नाव काढताच त्या घाबरल्या. वरठीला स्टेशनजवळ एक सुया टोचणारा दर मंगळवारी यायचा. चिरफाड नाही, गोळी नाही, सुईने थांबलेलं रक्त जागं होतं, असं तो सांगायचा. माणूस गोड होता. सासूबाईंना माय म्हणायचा आणि विडीबद्दल एक अक्षर काढायचा नाही. आमचे हे कारखान्यात ड्यूटीला जाताना आम्हा दोघींना मोटरसायकलवर न्यायचे. मधे सासूबाई, मागे त्यांना धरून मी.

सुया सुरू व्हायच्या आधी मी एकदा बोलले होते. चुलीजवळ ह्यांना हळूच म्हटलं, डॉक्टरणीने तर नागपूर सांगितलं आहे. सासूबाईंनी आतून ऐकलं.

"चवथी शिकून डॉक्टरीन झाली हे," त्या म्हणाल्या. "तुले माहा पाय कापून पाह्यजे, मले समजत नाही का?"

हे हसले. मी पुन्हा तो विषय काढला नाही.

सुया केसासारख्या बारीक असायच्या. पोटरीत, घोट्याजवळ, आणि अंगठा व त्याच्या शेजारच्या बोटामधल्या खळगीत, अशा अकरा. वरून तो लाल दिवा लावायचा. ह्यांनी मोबाईलवर त्याचा फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. तुमसरच्या नणंदेने जोडलेले हात पाठवले. गावात सासूबाई सांगायच्या, अकरा सुया गेल्या पण डोळा मिटला नाही. बायका पायाला हात लावून बघायच्या आणि गरम लागतो म्हणायच्या. उन्हातून आलेला पाय कोणाचाही गरमच लागतो.

मंगळवारी संध्याकाळी पाय दाबताना मी दोन बोटं उजव्या पावलावर ठेवायची. ठोका नसायचा. पहिल्या दोन-तीन खेपांना मी आशेने बघायची. पुढे पुढे नाही लागला की मला बरं वाटायला लागलं. खरं तसंच होतं.

पुढे त्या खळगीत सुईचा एक ठिपका राहिला आणि तो सुकेना. एका बुधवारी सकाळी पाय धुताना अंगठ्याशेजारचं बोट टोकाला काळं दिसलं, जांभळाच्या सालीसारखं. सासूबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, त्यांना तेवढं दिसत नाही.

"काय पाहून राहिली वं?"

"माती हाये," मी म्हटलं.

ऊब राहावी म्हणून सुयावाल्याने मोजा घालायला सांगितला होता. मी मोजा चढवला. मग रोज धुतलं, रोज काळं थोडं वर सरकलेलं पाहिलं, रोज मोजा चढवला. ह्यांनी विचारलं तर तसंच आहे म्हटलं. शेतात निंदायला गेले, भात रांधला, जेवले. मला भीती नव्हती. लोक म्हणतात तशी लाजही नव्हती. घरात पहिल्यांदा एक गोष्ट माझ्या एकटीच्या मुठीत होती आणि ती मूठ उघडावी असं मला वाटलं नाही.

मंगळवारी सुयावाल्याने मोजा काढला आणि त्याचं तोंड उतरलं. माय, हे मोठ्या दवाखान्यात दाखवा, एवढं म्हणून त्याने पुढच्या बाईला बोलावलं.

नागपूरला पाय गुडघ्याच्या वरून कापला. पाच-सहा दिवस आधी आणलं असतं तर कदाचित थोडक्यात निभावलं असतं, असं तिथले डॉक्टर म्हणाले. घरी पाय कोण बघायचं, असंही त्यांनी विचारलं. हे म्हणाले, बायको, पण तिला काय कळते, चवथी शिकली आहे. मी मान खाली घातली.

आता मी त्यांना उचलून न्हाणीत नेते. त्या माझ्या गळ्यात हात घालतात. एकदा दुपारी घरात आम्ही दोघीच होतो. मी त्यांचं अंग पुसत होते.

"बोट काळं झालं ते तुले आधीच दिसलं होतं ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"किती दिवस?"

"सहा."



"मीबी सांगितलं नसतं," त्या म्हणाल्या. मग डावा पाय माझ्यापुढे केला. "पाह्य."

मी एकेक बोट वेगळं करून पाहिलं आणि काही नाही म्हटलं. तेव्हापासून हे रोज चालतं. मी काही नाही म्हणते, आणि खरंच काही नसतं. पण त्यांना ते कळायचा दुसरा मार्ग नाही. त्या माझ्या तोंडाकडे बघत राहतात, आणि मी टॉवेल पिळायला वळते.