तांबड्या-पिवळ्याच्या मधली जागा

कडा गावच्या बाजारपेठेत मेलेल्या माणसांना गोरं करून देणारा एकच माणूस होता, माणिकराव ओव्हाळ. जित्यांनाही ते गोरं करत, पण जित्या माणसाच्या घरी आरसा असतो, म्हणून तिथे हात जरा आखडता घ्यावा लागे. मेलेला माणूस तक्रार घेऊन येत नाही. उसाच्या फडात जन्म काढलेली म्हातारी असो की उन्हाने काळा ठिक्कर पडलेला म्हातारा, ‘ज्योत्स्ना फोटो स्टुडिओ’तून फ्रेममध्ये बसून निघाले की सगळे सायीसारखे. घरची माणसं डोळे पुसत म्हणत, “लई झ्याक आलाय.” रंगातला जाणता माणूस आपल्या गावात आहे, याचं कड्याला कौतुकच होतं.

आणि जाणते ते होतेच. तरुणपणी नगरला एका उस्तादांच्या हाताखाली ते काळ्या-पांढऱ्या फोटोंत कुंचल्याने रंग भरायला शिकले. उस्तादांनी आधी फोटोला हातच लावू दिला नाही. पुठ्ठ्यावर रंगचक्र काढायला बसवलं. तांबडा, पिवळा, निळा हे तीन धनी, मग त्यांच्या मधल्या जागांवर त्यांची पोरंबाळं. तो पुठ्ठा स्टुडिओच्या भिंतीवर अजून टांगलेला होता. पुढे कॉम्प्युटर आला, तर त्याच्या पोटातही तसंच चक्र निघालं. माणिकरावांना जुना सोयरा भेटल्यासारखं झालं.

गिऱ्हाईक जरा टेकलं की माणिकराव त्याला पुठ्ठ्यापुढे उभं करत. “हे समोरासमोरचे रंग बघा. तांबड्याच्या समोर हिरवा. शेजारी ठिवले की दोघं बी पेटतात, अन् एकमेकांत कालवले की दोघं बी मरतात.” मग बोट सरकवून ठरलेलं वाक्य येई. “अन् माणसाची कातडी, मग तो कुणी बी असू द्या, चक्रात एकाच जागी येती. तांबड्या-पिवळ्याच्या मधी. काळं-गोरं हा फकस्त उजेडाचा फरक हाय.”

हे वाक्य बोलताना त्यांचा आवाज जरा चढायचा. ज्याच्या आजाला गावाच्या विहिरीची पायरी चढू दिली नव्हती, त्याचा आवाज या वाक्याला चढणारच. पण वाक्य संपलं की माणिकराव खुर्ची फिरवत आणि पुढच्या म्हातारीला गोरं करायला घेत. बोलणं एक आणि करणं एक, हे त्यांना कधी खटकलं नाही. खटकलं ते त्यांच्या बायकोला.

जाईबाई काळी होती. ‘नाव जाई अन् रंग बघा’ म्हणून सासरी आल्या आल्या तिची थट्टा झाली, आणि ती तिने हसण्यावारी नेली. मुलगी ज्योत्स्ना शाळेत होती तेव्हा एका पावसाळ्यात तिघं कपिलधारला गेली. माणिकरावांनी नवा डिजिटल कॅमेरा घेतलेला. त्यांनी जाईबाईला धबधब्यापुढे उभं केलं. मागे पांढरं फेसाळ पाणी. एवढं पांढरं समोर आलं की कॅमेरा बावचळतो, पाण्याला सांभाळतो आणि माणसाचा चेहरा अंधारात टाकतो. घरी येऊन माणिकरावांनी उजेड थोडा वाढवला. इथवर सगळं रास्त होतं. मग आणखी थोडा वाढवला. मग हाताला जी सवय होती तिने पुढचं सगळं आपोआप केलं. हनुवटीवरचे गोंदणाचे तीन ठिपकेसुद्धा पुसले. फोटो त्यांनी त्याच नावाने, मूळ फोटोवरच सेव्ह केला आणि फ्रेम करून मोठ्या हौसेने घरी आणला.

जाईबाईने हात पुसून फ्रेम घेतली. बराच वेळ बघितलं.

“ही कोण हाय?”

“तूच की.”

“मी न्हाई.” ती म्हणाली, “समद्यांची जागा एकच, असं सांगता ना गिऱ्हाइकांना? मंग मलाच काहून उचललं तिथनं?”

“उजेड कमी पडलता,” माणिकराव म्हणाले आणि हसले. ते हसणं त्यांना पुढे फार महागात पडलं.

फ्रेम तिनेच भिंतीवर लावली, पुसतही होती. पण त्यानंतर नवऱ्याच्या कॅमेऱ्यापुढे ती उभी राहिली नाही. लग्नात, नामकरणात कॅमेरा दिसला की पदर तोंडावर घेऊन मागे सरायची. माणिकरावांनी गळ घातली की म्हणायची, “तुमच्याकडं हाय की एक गोरी.” बाईमाणसाचा रुसवा, निवळेल, असं त्यांनी धरलं. रुसवा असता तर निवळला असता.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी भाकरी थापता थापता ती डोकं धरून बसली, आणि नगरच्या दवाखान्याच्या वाटेवर गाडीतच गेली.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांशेजारी तिचा फोटो ठेवायचा होता. गावभर मेलेल्यांचे फोटो करून देणारा माणूस स्वतःच्या बायकोचा फोटो शोधायला बसला आणि त्याला तो मिळेना. ज्योत्स्नाच्या मोबाइलमध्ये दोन-चार होते, पण तो मोबाइल आपल्या मनाने सगळ्यांनाच गोरं करायचा. आधार कार्डावरची बाई तर कुणीही असू शकली असती. उरली कपिलधारची गोरी.

माणिकराव तिला परत काळी करायला बसले. उजेड कमी केला, तर चेहरा राखेचा झाला. कारण त्यांनी नुसता उजेड वाढवला नव्हता, रंगही धुऊन काढला होता, आणि जिथे पार पांढरं झालं होतं तिथे खाली काही उरलंच नव्हतं. नारिंगी भरला, तर भाजक्या विटेसारखी झाली. थोडा निळा मिसळून तो दाबला, तर आजारी दिसायला लागली. गोंदणाचे तीन ठिपके मात्र त्यांनी न चुकता जागच्या जागी बसवले. ठिपके आठवत होते. रंग आठवत नव्हता. उभा जन्म शेजारी काढलेल्या बाईचा रंग आठवत नाही आणि म्हणे रंगातला जाणता.

चकलांब्याहून, सासरहून आलेली ज्योत्स्ना चहा घेऊन स्टुडिओत आली. पडद्यावरचे ते चेहरे तिने पाहिले आणि मनगट पुढे केलं. “माझा हात घ्या, आबा. समदे म्हणतात मी आईवर गेले.”

दारातल्या सावलीत त्यांनी तिच्या हाताचा फोटो काढला, त्यातला रंग उचलला आणि चेहऱ्यावर चढवला. दोघं बघत राहिले. चेहरा जिवंत झाला होता.

“ही तर मीच हाय,” ज्योत्स्ना म्हणाली.

“तुझ्यापेक्षा गडद होती का उजळ?”

तिने डोळे मिटून पाहिलं. “आठवत न्हाई, आबा.” आणि मग ती रडली. आई गेली त्या दिवशी रडली नव्हती तेवढी रडली.

उस्ताद सांगायचे, रंग कधी एकटा दिसत नाही, शेजारी कोण बसलंय त्यावर दिसतो. म्हणून माणिकरावांनी चेहऱ्यामागे घराच्या दाराचा निळा लावून पाहिला. चेहरा तांबूस भासला. ज्वारीच्या पिठाचा पांढरा लावला, काळा भासला. हिरवी साडी लावली, आणखी निराळा. चेहरा तोच, एका कणाने बदललेला नाही. तेव्हा त्यांना कळलं की जाईबाई त्यांना कायम कशाच्या तरी शेजारी दिसली होती, दाराच्या, परातीच्या, चुलीच्या. दिवसभर लोकांचे चेहरे निरखून ते थकल्या डोळ्यांनी घरी येत आणि तिच्याकडे, नुसत्या तिच्याकडे, त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. त्यांना स्वतःची शिसारी आली. आता पाहायला काही राहिलं नव्हतं.

शेवटी त्यांनी कपिलधारचीच फ्रेम भिंतीवरून काढून टेबलावर ठेवली. बाकीचे चेहरे म्हणजे आज नव्याने केलेलं खोटं होतं. निदान हे खोटं जाईबाईच्या ओळखीचं तरी होतं.

कार्यक्रमाला माणसं जमली. पांढरी वस्त्रं, मेणबत्त्या, फुलांचं ताट. सोयरे फोटोपुढे वाकत आणि हळू आवाजात म्हणत, लई झ्याक आलाय. भामाबाई मागून आली. ती जाईबाईबरोबर वर्षानुवर्षं खुरपायला गेलेली, शेजारच्या घरातली म्हातारी. ताटातलं फूल घेऊन ती फोटोपुढे उभी राहिली, वाकली नाही. इकडेतिकडे बघून माणिकरावांजवळ आली.

“जाईचा फोटो कुठं ठिवलाय, माणिकराव?”

माणिकरावांनी फ्रेमकडे बोट करायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला.

“न्हाई,” ते म्हणाले.

“एक बी न्हाई?”

“एक बी न्हाई.”

भामाबाईने मान हलवली. फूल हातातच ठेवून ती निळ्या दारापाशी गेली. जाईबाई दुपारी जिथे धान्य निवडत बसायची, त्या उंबऱ्याच्या कडेला तिने ते ठेवलं आणि घरी निघून गेली. माणसं अजून येत होती. पायाखाली येईल म्हणून कुणीतरी ते फूल उचललं आणि आणून फोटोपुढे वाहिलं.