वहिनींचं कपाळ

“हळू. डोकं ऐकतंय.”

आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनी एक बोट वर करून हे सगळ्यांना सांगत. भाजीवाल्याला, पाहुण्यांना, कुकरलासुद्धा. आता त्या मुलाकडे आंबिवलीला राहतात. पण मुलांनो, मी अजून दार हळूच लावते.

त्यांची अर्धशिशी साधी नव्हती. मुलाच्या लग्नात त्या अंधाऱ्या खोलीत पडून होत्या. “काकू, लेकीची पाठवणी तरी उभं राहून करायचीय,” त्या मला म्हणत. एवढंच त्यांचं मागणं.

गोळ्यांनी पोट बिघडलं, तेव्हा खोपट भागातल्या डॉक्टरांनी कपाळावर चिकटवायचं छोटं यंत्र दिलं. विजेचा सौम्य प्रवाह भुवईवरच्या नसेला थोपटतो, मुंग्या येतात आणि ठणका उतरतो. कपाळ मात्र स्वच्छ हवं.

वहिनींनी ते कुंकवावरच चिकटवलं! यंत्र घसरून आमटीत पडायचं.

“अगं, मी समोर धडधाकट बसलोय,” त्यांचे यजमान वैतागले. “पूस ते कुंकू!”

“असलं अभद्र बोलू नका. आणि हळू!”

शेवटी मी तोडगा काढला. “कुंकू मंगळसूत्राला लावा, कपाळ यंत्राला द्या.” हे त्यांना पटलं. पुढे ठणका त्यांना पूर्वीसारखं आडवं पाडेनासा झाला.

लेकीचं लग्न कल्याणला होतं. सकाळीच बँड सुरू झाला आणि वहिनींचा डावा डोळा बारीक झाला. मी घाबरले. पण आपल्याकडे मंगलाष्टकं चालू असताना वधूच्या आईने लग्न बघायचं नसतं, तुळशीपाशी बसायचं असतं. कार्यालयामागे तुळस होती, शांतता होती. वहिनी यंत्र लावून बसल्या. शास्त्रही झालं, उपचारही.

एक म्हातारी आत्याबाई वाकून म्हणाली, “बिंदी छान आहे गं. कुठल्या सोनाराची?”

“डॉक्टरांची,” वहिनी डोळे मिटूनच म्हणाल्या.

पाठवणीला त्या दारात ताठ उभ्या होत्या. कपाळावर यंत्राचा चौकोनी वळ, त्यात विहिणीने लावलेलं कुंकू. लेक मात्र घरच्या सवयीप्रमाणे तोंडावर पदर दाबून, आवाज न करता रडत होती.

वहिनींनी तिचा हात बाजूला केला.

“मोठ्याने रड गं. आज डोकं ऐकत नाहीये.”

लेकीने असं भोकाड पसरलं, की बँडवाले वाजवायचे थांबले.