तलवारीला पाणी देताना

सुजात, तन्वी — आणि हे वाचणारे बाकीचे सगळे,

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. हे लिहून झाल्यावरही नसेल... माझ्या सासऱ्यांनी दीक्षा घेतली त्या दिवसापासून आमच्या घरात नवस, अंगारे, ‘बाहेरचं’ — सगळं बंद झालं. मी स्वतः तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. किराण्याची यादीसुद्धा मी अक्षरांच्या क्रमाने लावते, म्हणून तुमचे आजोबा मला ‘मॅडम’ म्हणून चिडवतात. तेव्हा जे घडलं ते क्रमानेच सांगते.

आजोबा जवाहरनगरला कारखान्यात फिटर होते. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडून आम्ही पवनी तालुक्यात आसगावला, त्यांच्या गावी आलो. तिथे त्यांना जुन्या काळच्या योद्ध्यांचा साज हाताने बनवायचा नाद लागला. आधी म्हशीच्या कातड्याची ढाल झाली. मग चिलखत — त्याच्या कड्या सहा महिने दुपारच्या दुपारी मीच पक्कडीने जोडल्या. राहिली ती बाकदार तलवार. घरामागे टिनाच्या शेडमध्ये भट्टी घातली. गावातले सुदाम लोहार मदतीला येऊ लागले. ट्रकच्या कमानीचा जुना पाटा तापवून, ठोकून, हळूहळू बाक देत दोघांनी पातं घडवलं.

नेमकी तेव्हाच आजोबांची नजर जायला लागली. शुगरमुळे डोळ्याचा पडदा खराब झाला होता. वस्तूचा आकार दिसे, पण रंग जात चालले होते, आणि सगळ्यात आधी गेला तो लाल. नागपूरच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, आहे तेवढी नजरही फार दिवस टिकणार नाही. “तेवढ्यात एक तलवार पुरी होऊ दे,” एवढंच ते म्हणाले.

आता तलवारीला ‘पाणी देणं’ म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला हवं. पातं लाल तापवून एकदम तेलात बुडवायचं. त्याने धार कडक होते. कमी तापलं तर पातं मऊ राहतं, जास्त तापलं तर तडकतं आणि सगळी मेहनत वाया. किती तापलं ते रंगावरून ओळखायचं. म्हणून भर दिवसा शेडच्या खिडक्यांना पोती लावून आत अंधार करतात. पुरतं तापलेल्या लोखंडाला चुंबक चिकटत नाही, त्यावरूनही कळतं; मी तसं सुचवलंही. “जुन्या लोकायजवळ कुठं होता चुंबक?” म्हणाले. विषय संपला.

मग त्यांचे डोळे मी झाले. शाळेच्या सवयीने मी रंगांचा तक्ता केला, एक ते सहा. तीन म्हणजे वाळलेली लाल मिरची. चार म्हणजे पळसाचं फूल. चारला बाहेर काढायचं. मी त्यांच्या उजव्या हाताला खांबापाशी उभी राहून आकडा सांगायची, ते सांडशी धरून थांबायचे. त्याच पाट्याच्या छोट्या तुकड्यांवर आम्ही आठवडाभर सराव केला.

मध्ये मी दोन दिवस दिघोरीला बहिणीकडे गेले. मी नसताना भट्टी पेटवायची नाही, असं बजावून गेले होते. परत आले तर ऐरणीवर नवा तुकडा. कानस घासून पाहिली, ओरखडा न उठता नुसती सरकत होती. एकदम बरोबर पाणी चढलेलं.

“कोणाला विचारून केलं?”

“तुलेच,” आजोबा म्हणाले.

“मी दिघोरीत होते!”

“मले काय मालूम? तू ‘चार’ म्हणली, मी काढला.”

मी सुदामभाऊंकडे पाहिलं. ते मान खाली घालून भट्टीला वारा घालायच्या पंख्याचं हँडल पुसत होते. “वैनी, मी बी आयकलं. मले वाटलं तुम्ही सकाळच्या गाडीनं आल्या असान.”

मी हसले. म्हटलं, आठवडाभर तोच आवाज तोच आकडा ऐकल्यावर कानात बसणारच. दोघांना एकदम कसा ऐकू आला, यावर मी फार विचार केला नाही. करायला हवा होता.

चार दिवसांनी खऱ्या पात्याची पाळी आली. दुपारचे दोन वाजले असतील. बाहेर आभाळ भरून आलं होतं. सुदामभाऊंनी पंखा फिरवायला घेतला. पातं हळूहळू रंगात येऊ लागलं. एक... दोन... तीन... मी सांगत होते. मग सबंध बाकावर पळसाचा रंग पसरलेला मला स्वच्छ दिसला.

“चार! काढा.”

“नाही. अजून तीनच आहे. थांबा.”

दुसरं वाक्य मी बोलले नव्हते. पण आवाज माझा होता — माझ्याच खांबापासून, माझ्या खांद्याइतक्या उंचीवरून. ज्या सुरात मी वर्गातल्या मागच्या बाकाला पुन्हा एकदा समजावून सांगायची, अगदी तोच सूर.

आजोबांची सांडशी हवेतच थांबली. “तीन का चार? एक काय ते नीट सांग, मॅडम!”

मला तोंड उघडता येईना. सुदामभाऊ माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांचा हात थांबला.

“फिरवा पंखा,” आवाज म्हणाला. त्यांनी फिरवला. आणि थोड्या वेळाने, अगदी शांतपणे — “आता.”

आजोबांनी पातं उचललं आणि जवसाच्या तेलात बुडवलं. जाळ उठला, धूर झाला, तडकल्याचा आवाज मात्र आला नाही. पातं बाक जसाच्या तसा राखून, निर्दोष बाहेर आलं.

आजोबा लहान मुलासारखे हसत होते. “तू आज थांब म्हणली म्हणून वाचलं!”

नंतर कळलं की चूक माझीच होती. आभाळामुळे शेड रोजच्यापेक्षा जास्त अंधारी झाली होती. अंधार वाढला की तेच लोखंड जास्त तापल्यासारखं दिसतं. मी तक्त्यावर विसंबले, आभाळाकडे पाहिलंच नाही. म्हणजे आवाजाचं बरोबर होतं... हेच मला जास्त छळतं. त्याने काही बिघडवलं असतं तर निदान त्याच्यावर रागावता आलं असतं.

सुदामभाऊ दुसऱ्या दिवशी आले नाहीत. निरोप आला — “रोवणे सुरू हायेत.” त्यांच्या धानाच्या बांधीत अजून रोवण्याआधीची चिखलणीसुद्धा झाली नव्हती. नंतर एकदा रस्त्यात भेटले, तेव्हा हळूच म्हणाले, “वैनी, तुमचं तोंड बंद होतं. मी पायलं.” त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. मी नागपूरला जाऊन कान तपासले, डोकंही तपासून घेतलं. सगळं नॉर्मल.

आजोबांना आता काहीच दिसत नाही. कोणी आलं की तलवार मांडीवर घेतात, बाकावरून अंगठा फिरवतात आणि सांगतात, “हे हिच्या डोळ्यानं बनली.” मी चहा ठेवायला आत जाते. त्यांना मी खरं सांगितलेलं नाही. त्यांची ही एकच तलवार, आणि ती माझ्यामुळे झाली असं त्यांना वाटतं... ते सुख मी कशाला काढून घेऊ?

पण महिन्याभरापासून त्यांच्या डोक्यात दुसरी तलवार आहे. मी नको म्हणते. ते चिडतात. “काहून नको? मले दिसत नाही तं काय झालं, तू हायेस नं सांगाले!”

मी नुसतं ‘नको’ म्हणते. कारण ते मलाच विचारतायत याची मला आता खात्री नाही.