टांझानियाले पाहिजे वऱ्हाडचं जाडं नोझल

पीक भरात आहे, इंजिन बंद पडलं, आणि कोणी येऊन म्हणालं, ‘दुरुस्ती राहू द्या, सोलर पंप येणार आहे,’ तर तुम्ही थांबाल काय?

मूर्तिजापूरचे अब्दुल रहीम मिस्त्री थांबायले तयार नाहीत. महिन्यापासून त्यांना टांझानियातून फोन येतो, जुमाचा. हा जुमा २००८ साली चार महिने त्यांच्या शेडमध्ये राहून इंजिनकाम शिकला, ठेचा खाऊन रडला, अन् बारा जुनी इंजिनं जहाजानं घेऊन गेला. त्या इंजिनांच्या पाण्यावर त्याच्या गावचा कांदा पिकतो.

मग पॅरिसचा हवामान करार झाला. जुमाच्या सरकारनं सही केली. मदत देणाऱ्या संस्थेनं अट घातली: पैसा फक्त सोलरले, डिझेलच्या सामानाले नाही. सोलर दोन वर्षं यादीतच आहे. सात इंजिनं बंद, डिझेल फवारणारं नोझल झिजून. उरलेल्या पाचांवर पाळीपाळीनं पाणी.

मी कराराच्या बाजूचा. धूर कमी झालाच पाहिजे, हे चौकाचौकांत ओरडलो आहे. तेच रहीमचाचांना ऐकवलं. भडकले.

“धूर मले नको शिकवू, भाऊ. पन्नास साल माह्या छातीत गेला तो. कांदा काय सही पिऊन जगते?”

वाद सोडून मीच निघालो. अकोल्याहून कोरं नोझल आणलं, जुमाले पाठवलं. बसलंच नाही. ढिलं!

चाचांनी कपाळावर हात मारला. “माहीच करामत! इकडं लोक डिझेलात रॉकेल मिसळत, म्हणून मी प्रत्येक इंजिनाचं भोक मोठं करून जुनं जाडं नोझल बसवत होतो. ते काहीही पचवते. सवयीनं जुमाच्या इंजिनांलेही तेच केलं. आता ते बनतच नाही. हाय ते आपल्याच विहिरींवर, गंजत.”

मोटरसायकल काढली. तिवशापर्यंत हिंडलो. एका विहिरीवर तिचे मालक जानराव म्हणाले, “आफ्रिकेले? अन् आमाले काय भेटन?”

“दुवा,” चाचा पान्यानं नोझल खोलत म्हणाले. “नाई पुरली तं सांगजा, कांदा मागवून देतो.”

तीन मिळाली. चार बाकी. कांदा पंधरा दिवस धरेल; कुरिअरले आठ लागतात. तुमच्याकडे जुनं इंजिन झाकून पडलं असेल तर आजच नोझल काढा, फडक्यात गुंडाळा आणि मूर्तिजापूर स्टेशनाजवळ रहीम मिस्त्रींच्या शेडवर आणून द्या. घासू नका. साफ ते स्वतः करतील.